शेवटचा एल

आमच्या काकांची बेंजो पार्टी आहे. तुळजापूर तालुक्यातल्या वराती, गणपती, नवरात्रातल्या मिरवणुका हे तिचं मैदान. टेम्पोत जनरेटर, आहुजाचा अॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि या सगळ्यांत न शोभणारी एक काळी पेटी. मार्शलची, बारा इंची चार स्पीकरांची, गिटारसाठी बनवलेली. काका तरुणपणी पुण्यात एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. तो बंद पडला तेव्हा थकलेल्या बिदागीपोटी मालकाने पेटी गळ्यात मारली आणि काकांनी ती एसटीच्या टपावर टाकून गावी आणली. वजन चाळीस किलोच्या आसपास. कंडक्टरने तिचं तिकीट घेतलं की नाही, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

बेंजोला ही पेटी मानवते, त्याला कारण आहे. ज्याला आपण बेंजो म्हणतो ते खरं तर बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं, तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून. त्याला पिकअप लावून भोंग्यावर सोडलं की आवाज कानात सुईसारखा जातो. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचं फारसं वाजवतच नाही, त्यामुळे तारेचा किरकिराट तिथेच गळतो आणि सूर भरदार येतो. आमची पेटी सोळा ओहमची आणि आहुजाच्या मागे सोळा ओहमचा स्क्रू असतोच. शेजारच्या शंभर व्होल्टच्या स्क्रूला मात्र वायर लावायची नाही, हे काका नव्या पोराला वाजवायला शिकवायच्या आधी शिकवतात.

पेटीच्या तोंडावर पांढऱ्या प्लास्टिकमध्ये कंपनीचं नाव, लपेटदार इंग्रजी अक्षरांत. एका वरातीत पेटी उतरवताना टेम्पोच्या फाळक्याची कडी लागली आणि शेवटचा एल उडाला. गुलालात आणि नाचणाऱ्यांच्या पायांत तो कुठे गेला, कुणी पाहिलं नाही.

पुण्यातला एक हौशी गिटारवाला बरेच दिवस ही पेटी मागत होता. त्याला फोटो पाठवला तर त्याचा पहिला प्रश्न, ‘नाव ओरिजिनल आहे ना?’ मला हसू आलं. आपल्याकडे सुतार प्लायवूडच्या पेट्या ठोकतो आणि त्यांवर नामांकित कंपन्यांची नावं रेडियममध्ये कापून चिकटवली जातात. पुढचं नाव काय, कुणीही लावावं. पेटीची जन्मपत्रिका मागे असते. फळीचे स्क्रू काढले की सेलेस्टियनच्या स्पीकरच्या चुंबकावरची चकती दिसते. जुन्यांवर टेम्स डिटन, नंतरच्यांवर इप्सविच. कडेला तारखेचं सांकेतिक अक्षर असतं. आमच्या चारही चकत्यांवर इप्सविच निघालं. ते फोटो पाठवल्यावर गडी गप्प झाला.

नवं नाव बाजारात मिळतं, वेगवेगळ्या मापांत. मागवायचं मी ठरवलंही होतं. पण जुनं सोडवलं आणि बेत बदलला. मागून त्याच्या पिनांवर पत्र्याचे छोटे वॉशर दाबून बसवलेले होते. ते पक्कडीने ओढले तसं नाव हातात आलं आणि खालच्या कापडावर तेच नाव पुन्हा दिसलं. बाकी कापड उन्हाने, धुरळ्याने विटलेलं; नावाखालचं तेवढं मूळच्या रंगाचं राहिलेलं. उडालेल्या एलची जागासुद्धा स्पष्ट. नवं नाव केसभर जरी इकडेतिकडे बसलं असतं तरी जुन्याची कड बाहेर डोकावली असती, आणि पिनांसाठी कापडाला नवी भोकं पडली असती ती वेगळीच.

मग एल इथेच करायचा ठरलं. गणपतीच्या कारखान्यात साचे काढणाऱ्या मामांनी शाबूत एलला तेलाचं बोट फिरवलं आणि तो पीओपीत पालथा दाबला. साचा सुकल्यावर साबण लावून त्यात एमसील भरलं. निघालेला एल ओबडधोबड होता, कानशीने घासून आकाराला आणला. आता जोड. वरातीतल्या पेटीवर नुसत्या चिकटवलेल्या जोडाचा भरवसा नाही, म्हणून तुटलेल्या कडेत बारीक भोक पाडून बेंजोच्या तुटक्या तारेचा तुकडा अर्धा इकडे, अर्धा तिकडे बसवला आणि अरल्डाइट भरलं. काकांच्या डब्यात तुटक्या तारांना तोटा नाही.

रंगाचं काम पेंटरकडे. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदलल्यापासून त्याने उस्मानाबाद पुसून धाराशिव लिहायची कामं भरपूर केली होती. एका अक्षराचं गिऱ्हाईक मी पहिलाच. पांढरा लावू नको म्हणून मी सांगणार, तोच त्याने पांढऱ्या इनॅमलमध्ये पिवळ्याचा थेंब टाकून काडीने ढवळला, नावाशेजारी धरून पाहिला, मग चिमूटभर काळा टाकला. जुनं प्लास्टिक पिवळंच नसतं, मळकंही असतं, हे मला सुचलं नव्हतं. हातभर अंतरावरून जोड दिसत नाही. जवळून दिसतो, आणि तो दिसू द्यावा असंच मला वाटतं.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला मी स्पष्ट कळवलं की शेवटचा एल तुळजापूरचा आहे. त्याने भाव पाडून मागितला. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि लगीनसराई तोंडावर आहे, पेटी विकायची नाही म्हणून सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘त्या इंग्रजी नावाला हितं कोण इचारतंय? त्याच्याखाली आपला मोबाइल नंबर टाक की.’

कापडावर टाकायला मी नकार दिला. बरीच घासाघीस झाली. शेवटी नंबर पेटीच्या बगलेवर आला, पिवळ्या रेडियममध्ये, कंपनीच्या नावापेक्षा दुप्पट मोठा.