पांढरा कोट, निळीची टंचाई आणि माझी एक दुरुस्ती

आजचा धागा एका दुरुस्तीसाठी आहे. ती मला वीतभरही उंची नसलेल्या एका अर्धपुतळ्याने करायला लावली, म्हणून बरेचसे त्याच्याविषयीच लिहिणार आहे.

साधारण दोन वर्षांपूर्वी याच मालिकेत नेपोलियनच्या सैन्याच्या गणवेशांवर लिहिताना मी आयलाउच्या लढाईची एक गोष्ट सांगितली होती. फ्रेंच पायदळाच्या काही पलटणींना १८०६ मध्ये निळ्याऐवजी पांढरे कोट देण्याचे ठरले. ८ फेब्रुवारी १८०७ रोजी आयलाउच्या बर्फात त्या पांढऱ्या कोटांवर उमटलेले रक्त पाहून सम्राट हादरला आणि त्याने निळा रंग परत आणला. गोष्ट आटोपशीर, चित्रमय, आणि शेवटी धक्का देणारी. माझे दुसरे कोणतेच टिपण इतके फिरले नाही. ज्या पुस्तकात मी ती वाचली होती तेथे तिला आधार दिलेला नव्हता, आणि मीही तो शोधला नव्हता.

पुढे हातात आला एका फ्रेंच फ्यूझिलिअरचा, म्हणजे पायदळातल्या साध्या शिपायाचा, रेझिनमधला १:१० प्रमाणाचा अर्धपुतळा. किटमध्ये मोजके तुकडे होते: छातीपर्यंतचे धड, डोके, शाको नावाची उंच टोपी, तिचा तुरा, बंदुकीची नळी. खोक्यावरचे चित्र अर्थातच निळ्या कोटाचे. मी ठरवले, आपला शिपाई पांढरा. आपल्याच गाजलेल्या गोष्टीचा नायक आपल्याच टेबलावर उभा करण्याचा मोह होता, हे मान्य करते.

रेझिनच्या पुतळ्याची पहिली कामे रंगाची नसतात. ओतताना राहिलेले जाड बुंधे बारीक करवतीने कापायचे, साच्याच्या रेघा पॉलिश पेपरने घासायच्या. घासताना पाणी लावायचे आणि तोंडाला मास्क बांधायचा, कारण रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट. मग भांडी घासायच्या साबणाने सगळे तुकडे धुवायचे. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ पृष्ठभागावर राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. मानेत आणि डोक्यात भोके पाडून पितळी तारेची खुंटी बसवली, फटी एपॉक्सी पुटीने बुजवल्या. या कामात तीन संध्याकाळी गेल्या. या अवस्थेत चेहरा करडा, डोळ्यांत बुबुळ नाही, ओठ आणि गाल एकाच रंगाचे. तरीही कोणीतरी आपल्याकडे पाहत असल्याचा भास होतो.

चेहरा आधी रंगवला. आरंभ तांबूस तपकिरी रंगाने, वर हळूहळू फिकट थर, प्रत्येक थर पाण्यासारखा पातळ. नाकाच्या शेंड्याला आणि कानाच्या पाळीला लाल छटा, कारण प्रसंग हिवाळ्याचा. दाढीच्या जागी किंचित निळसर करडा, म्हणजे चार दिवसांची वाढ दिसते. इथवर सगळे नीट चालले.

अडचण आली ती कोटापाशी. निळ्या कोटाच्या शिपायाचे छातीवरचे पाते पांढरे, गळपट्टी आणि कफ तांबडे. डोळा आपोआप भाग वेगळे करतो. पांढऱ्या गणवेशात हीच वाटणी उलटते: कोट पांढरा, आणि ओळख पटावी म्हणून पाती, गळपट्टी, कफ यांना पलटणीप्रमाणे वेगवेगळे रंग. त्यातही आतले जाकीट पांढरे आणि छातीवरून तिरका जाणारा काडतुसांच्या पेटीचा पट्टाही पांढरा. कातडी पट्ट्याला शिपाई पांढरी माती चोळत. कापड होते लोकरीचे. तीन निरनिराळे पांढरे, आणि माझ्याकडे पांढऱ्या रंगाची एकच बाटली. पहिल्या प्रयत्नात शिपाई प्लॅस्टरमध्ये बुडवून काढल्यासारखा दिसला.

अनुभवी लोक सांगतात की पांढरा रंगवायचा तर पांढऱ्याला शेवटपर्यंत हात लावू नये. पट्ट्यासाठी पिवळसर खाकीपासून वर चढायचे, कापडासाठी निळसर करड्यापासून, आणि शुद्ध पांढरा केवळ शिवणीच्या कडेला नि घडीच्या माथ्यावर. करडा मिसळायला निळा घेतला तेव्हा प्रथमच नीट विचारावेसे वाटले: या माणसाचा निळा कोट मुळात काढून का घेतला होता?

रंगद्रव्य म्हणून निळीचे वागणे मोठे विलक्षण. ती पाण्यात विरघळत नाही. क्षारयुक्त पिंपात आंबवून तिचे रूप बदलावे लागते. त्यात बुडवलेले कापड बाहेर येते तेव्हा पिवळट हिरवे असते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. युरोपात हाच रंग शतकानुशतके वोड नावाच्या झुडपाच्या पानांतून काढत. तुलूजच्या आसपासचा मुलूख सोळाव्या शतकात त्यावर गब्बर झाला होता. पण वोडमध्ये रंग थोडा. उष्ण देशांतल्या निळीपुढे ते टिकले नाही.

अठराव्या शतकात फ्रान्सला नीळ देणारी मोठी जागा म्हणजे सेंट-डोमिंग, आजचे हैती, आणि तेथे ती पिकवणारे व पिंपांशी उभे राहणारे लोक गुलाम होते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी उठाव केला. १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र हैतीची घोषणा झाली. ऑक्टोबर १८०५ मध्ये ट्राफल्गारला फ्रेंच-स्पॅनिश आरमाराचा पराभव झाल्यावर समुद्र इंग्रजांचा झाला. आणि याच दशकांत निळीचा नवा मोठा पुरवठादार पुढे येत होता: ईस्ट इंडिया कंपनीचा बंगाल. म्हणजे फ्रान्सच्या शिपायाचा रंग आता शत्रूच्या ताब्यातल्या शेतांत पिकत होता आणि शत्रूच्याच जहाजांतून जात होता. त्या शेतांतल्या रयतेवरची सक्ती पुढे १८५९ च्या उठावापर्यंत आणि दीनबंधू मित्रांच्या १८६० मधल्या ‘नीलदर्पण’ नाटकापर्यंत पोहोचली. चंपारणचे १९१७ साल तर आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. सेंट-डोमिंग आणि बंगाल मी आजवर दोन वेगळ्या वह्यांत शिकले होते. त्या वह्या पहिल्यांदाच एका टेबलावर आल्या.

येथे आणखी एक समजूत बाजूला करते. पांढरे कोट हा नेपोलियनच्या खंडीय व्यापारबंदीचा परिणाम, असे पुष्कळदा लिहिलेले आढळते. तारखा पाहा. पांढऱ्या कोटांचा हुकूम एप्रिल १८०६ चा. इंग्लंडशी व्यापार बंद करणारा बर्लिनचा हुकूम २१ नोव्हेंबर १८०६ चा. टंचाई आधीची होती, व्यापारबंदीने ती वाढवली. पुढे १८११ नंतर सरकारने वोडची लागवड आणि त्यापासून नीळ काढण्याचे कारखाने यांवर जोर दिला, यावरून निळ्याचा हट्ट सरकारला किती भोवत होता ते दिसते.

आणि हट्ट होताच, कारण रंगाला स्मृती असते. क्रांतीपूर्वी राजाचे बहुतेक फ्रेंच पायदळ पांढऱ्यातच असे, म्हणजे खरे तर न रंगवलेल्या, करडेपणाकडे झुकणाऱ्या लोकरीत. १७८९ नंतर नॅशनल गार्डचा निळा आला. व्हांदेच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या सैनिकांना ‘निळे’ आणि राजपक्षीयांना ‘पांढरे’ म्हणत. शिवाय ज्या ऑस्ट्रियाशी फ्रान्स वर्षानुवर्षे लढत होता त्याचे पायदळही पांढऱ्यात. ऑस्टरलिट्झहून जेमतेम परतलेल्या शिपायाला पांढरा कोट देणे म्हणजे एकाच वेळी जुन्या राजाचे आणि कालच्या शत्रूचे कपडे देणे होते. त्यात चिखल. पोलंडमधल्या त्या हिवाळ्यात तोफाही रुतत होत्या. एकाच तुकडीत काहींचे जुने निळे, काहींचे नवे पांढरे, आणि पांढरा धुऊन राखायला साबण नाही, सवड नाही. १८०७ मध्ये हा प्रयोग गुंडाळण्यासाठी एवढे पुरे होते.

हे सगळे वाचण्याआधी मी पुतळा पूर्ण केला होता. कसा केला होता, ते सांगायला संकोच वाटतो. जुन्या टूथब्रशवर पातळ तांबडा रंग घेऊन अंगठ्याने त्याचे केस मागे ओढले आणि सोडले. छातीच्या डाव्या बाजूला, पात्याच्या खाली, शिंतोडे उडाले. दोन ओघळ कुंचल्याने काढले. ओलेपणा दिसावा म्हणून त्यावर चकचकीत वार्निश. छायाचित्र फार सुरेख आले. मैत्रीण म्हणाली, लगेच टाक, हे तुझ्या त्या धाग्यापेक्षाही जास्त फिरेल.

मी टाकणारही होते. टाकण्यापूर्वी चार ओळी लिहाव्यात म्हणून जुना धागा उघडला आणि एक साधी गोष्ट खटकली. फेब्रुवारी महिना, पूर्व प्रशिया, बर्फाचे वादळ. त्या वादळात ऑजेरोचे दळ दिशा चुकून थेट रशियन तोफांसमोर गेले. त्याच दळातली चौदावी पलटण एका टेकाडावर वेढली जाऊन जवळजवळ नष्ट झाली. अशा हवेत ज्याच्याकडे जाड ओव्हरकोट होता तो त्याने घातलेला असणार. पांढरा कोट त्याच्या आत. ज्या शुभ्र कापडावर मी दोन वर्षे रक्त पाहत होते ते त्या दिवशी पुष्कळांच्या अंगावर दिसतच नसणार. पांढऱ्यावर तांबडे आयलाउला होते, पण ते बर्फावर. ग्रोने आपल्या प्रसिद्ध चित्रात, जे १८०८ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात मांडले गेले आणि आज लूव्हरमध्ये आहे, तेच केले आहे: पुढच्या बाजूला बर्फात गोठलेली, माणसापेक्षा मोठी रंगवलेली प्रेते. बर्फाचे रक्त कोटावर नेऊन ठेवले की सम्राटाला एक हळवा क्षण मिळतो, आणि नीळ, जहाजे, पिंपे, गुलाम, रयत यांपैकी कोणाचेच नाव घ्यावे लागत नाही. मीही घेतले नव्हते.

शिंतोडे काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले. ते निवडक काम करत नाही. रक्ताबरोबर खालचा पांढरा गेला, प्रायमर गेला, आणि एक थेंब वर सरकून डावी भुवईही घेऊन गेला. छातीचा तुकडा पुन्हा करडा. राग आला होता, मुख्यतः भुवईचा.

दुसऱ्यांदा कोट रंगवायला बारा दिवस लागले. या वेळी प्रत्येक पांढऱ्याची वेगळी वाटी ठेवली. पट्टा उबदार, मातीचा हात दिसेल असा. बंदूक घासते तेथे माती उडून कातडे उघडे. जाकीट मळकट. कोटाच्या कफांवर, काखेत आणि गळपट्टीच्या आतल्या कडेला घामाचा नि मातीचा पिवळट तपकिरी, फार पातळ, पाच-सहा हातांनी. खालच्या कडेवर चिखल. जखम कोठेही नाही. हा शिपाई लढाईच्या आधीचा आहे की नंतरचा, ते मी ठरवलेले नाही.

तरीही कापडाचा पांढरा काही केल्या मनासारखा होईना. सावल्यांत निळा मिसळला होता, उजेडात दर वेळी थोडा कमी केला होता, आणि कोट थंड, नवा कोरा दिसे. आजी दुपारी चहा घेऊन आली, चष्मा कपाळावरून खाली ओढून थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं, नीळ जास्त झालीय.”

आजोबांचे सदरे तिने चाळीस वर्षे बादलीत नीळ टाकून काढले आहेत. (ती घरातली नीळ म्हणजे बहुधा अल्ट्रामरीन, पिंपातली नीळ नव्हे, पण हे त्या वेळी तिला सांगण्यात अर्थ नव्हता.) मी विचारले, मग आता काय करायचे. ती म्हणाली, सदरा असता तर साध्या पाण्यातून दोनदा काढला असता.

मी पिवळसर मातकट रंगाचा एक थेंब भरपूर पाण्यात सोडला आणि तो हात सगळ्या कोटावरून दोनदा फिरवला. निळा मागे सरला आणि लोकर न रंगवलेल्या लोकरीसारखी दिसू लागली. छायाचित्र खाली जोडते आहे. पहिल्याइतके ते सुरेख नाही. जुन्या धाग्याच्या सुरुवातीला या धाग्याचा दुवा लावला आहे. तो पुढे पाठवला असेल त्यांनी हाही पाठवावा, एवढी विनंती. डावी भुवई अजून थोडी पातळ आहे.