जपून ठेवलेली रद्दी

आमच्या घरी पहिल्यांदा येणारे पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. "हे खरं आहे का?" आणि "केवढ्याला पडलं?" मावशीने तर पुढचाही विचारला होता, "एवढ्या पैशांत चांगलं नवं कोरं चित्र नसतं का रे मिळालं?" मावशी हा ब्लॉग वाचते, तेव्हा उत्तर इथेच देऊन टाकतो.

तर मी जमवतो त्या हॉलिवूडच्या जुन्या सिनेमांच्या जाहिराती, साधारण १९३० ते १९५० या काळातल्या. भिंतीवरचं मोठं पोस्टर सगळ्यांना माहीत असतं. त्याला 'वन शीट' म्हणतात, २७ बाय ४१ इंच. ते घड्या घालूनच थिएटरला पाठवत, त्यामुळे घड्यांच्या खुणा हा दोष धरायचा नसतो. उलट त्या काळातलं म्हणून कुणी बिनघडीचं, करकरीत वन शीट दाखवलं की मला आधी शंका येते.

माझा जीव मात्र अडकलाय लॉबी कार्डांत. ११ बाय १४ इंचांचा जाड कागद, बहुतेक वेळा आठांचा संच, थिएटरच्या दर्शनी भागात टाचायला. दुसरा लाडका प्रकार म्हणजे विंडो कार्ड, १४ बाय २२. हे गावातल्या दुकानांच्या काचेत लावायचं. वर एक कोरी पट्टी सोडलेली असे, तिच्यावर थिएटरवाला आपलं नाव आणि खेळाचे वार छापून घेई. पुढे कित्येकांनी फ्रेममध्ये बरं दिसावं म्हणून ती पट्टी कापून टाकली. मला तर मुळात ती पट्टीच हवी असते! कुठल्या आडगावात बुधवार-गुरुवारी हा सिनेमा लागला होता, हे दुसऱ्या कुठल्या कागदावर कशाला लिहिलेलं असेल?

बरं, गावोगावी लागलेल्या या वस्तू दुर्मिळ का झाल्या? कारण त्या जपण्यासाठी छापल्याच नव्हत्या. १९४० पासून बऱ्याच मोठ्या स्टुडिओंच्या जाहिराती 'नॅशनल स्क्रीन सर्व्हिस' ही एकच कंपनी वाटू लागली. थिएटरला त्या भाड्याने मिळत. खेळ संपला की परत करायच्या, मग त्याच पुढच्या गावाला. फाटेपर्यंत असंच. त्यात दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यांत बरंच काही लगद्यात गेलं.

उरलं ते बहुधा योगायोगाने. पेनसिल्व्हेनियातल्या बर्विक गावी एका माळ्यावर पोस्टरांचा एक गठ्ठा निघाला. १९३०-३१ सालची ३३ पोस्टरं, वॉलपेपरच्या खळीने एकावर एक चिकटलेली. नवीन सिनेमा आला की जुन्यावरच डकवून मोकळे! वाफ देऊन ती एकेक सोडवली आणि २०१२ मध्ये लिलावात सगळ्यांचे मिळून पाच लाख डॉलरच्या वर आले. लॉन चेनीच्या १९२७ सालच्या 'लंडन आफ्टर मिडनाइट'चं तर काय सांगावं. त्याची शेवटची ज्ञात प्रत स्टुडिओच्या आगीत गेली, आज हा सिनेमा कुणालाच पाहता येत नाही. त्याचं एक वन शीट २०१४ मध्ये ४,७८,००० डॉलरला गेलं. सिनेमा संपला आणि "पाहायला या" म्हणणारा कागद राहिला.

(मावशी, घाबरू नकोस. माझी खरेदी या आकड्यांच्या आसपासही नाही.)

पैसा आला की लबाडी आलीच. २००९ मध्ये जुन्या भयपटांच्या बनावट जाहिरातींचं मोठं प्रकरण उघडकीला आलं. तेव्हापासून मी आधी टेप काढतो, मग खालच्या कडेचा बारीक मजकूर वाचतो. नॅशनल स्क्रीनच्या कागदांवर सालाचे दोन आकडे, तिरकी रेघ आणि पुढे क्रमांक असतो. आधी 'आर' असेल तर तो सिनेमा पुन्हा लागला तेव्हाचा कागद.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, आम्ही लहान घरात जातोय आणि निम्मा संग्रह विकायचा ठरलाय. माझ्याकडे १९४४ च्या 'गॅसलाइट'चं एक लॉबी कार्ड आहे. इनग्रिड बर्गमन आणि शार्ल बॉयर. चारही कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं, एकेका कोपऱ्यात तीन-तीन. दुरुस्ती करणारे गृहस्थ म्हणाले, भोकं बुजवून रंग लावून देतो, कळणारही नाही, किंमतही बरी येईल. त्यांचं काम उत्तम असतं. फाटलेली दोन वन शीट्स मी त्यांच्याकडूनच मागे कापड लावून घेतली आहेत, ती आता विकायला जातील.

पण 'गॅसलाइट' बाबांनी शाळकरी वयात मोठ्या भावाबरोबर गिरगावातून चालत जाऊन मेट्रोत पाहिला होता. मेट्रो म्हणजे धोबीतलावचं, एमजीएम कंपनीनेच १९३८ मध्ये उघडलेलं थिएटर, आणि सिनेमाही त्यांचाच. गेल्या वर्षी मी ते कार्ड पुण्याला घेऊन गेलो. बाबा आता त्र्याण्णव वर्षांचे आहेत, नजर अधू झालीय. बर्गमन त्यांना नीटशी दिसलीच नाही. त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं, भोकं चाचपली आणि म्हणाले, "बऱ्याच ठिकाणी लागलेलं दिसतंय."

दुरुस्तीवाल्यांना काल कळवलं, हे नको. विक्रीच्या यादीतून त्याचं नाव काढलं आहे. बायकोने नव्या घरात बैठकीच्या खोलीत एक भिंत दिली आहे, सहा फुटांची. त्यावर काय काय बसतं ते मोजतोय.