आळे आणि भर

पंचांगाचे वर्ष चैत्र पाडव्याला उजाडत असले, तरी पनवेलच्या परसबागेचे वर्ष मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो तेव्हा सुरू होते. या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे आठ महिने आकाश कोरडे राहते, त्यामुळे ज्या बुंध्याशी चार महिने पाणी थांबू द्यायचे नाही, त्याच बुंध्याशी आठ महिने ते धरून ठेवायचे, या कामातच येथील बागकामाचे बहुतेक कसब खर्ची पडते.

या दुहेरी कामासाठी मराठीत दोन जुने शब्द आहेत. झाडाभोवती उथळ गोल खळगा करून त्याच्या कडेने मातीचा बुटका बांध घालतात, त्याला आळे म्हणतात. बुंध्याकडे माती ओढून ती बाहेरच्या बाजूला उतरती करतात, त्या कृतीला भर घालणे म्हणतात. रोहिणीत आळी मोडून भर घालावी लागते आणि हस्त नक्षत्राचा पाऊस सरला की तीच माती मागे ओढून पुन्हा आळी बांधावी लागतात, म्हणजे वर्षातून दोनदा तीच माती त्याच कुदळीने उलट्या दिशेला हलवली जाते. भर घालताना कलमाचा सांधा मातीखाली जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते, कारण सतत ओली माती सालीला चिकटून राहिली तर साल कुजते आणि झाड आश्विनाच्या उन्हात कारण न कळता मान टाकते.

जुन्या पनवेलमध्ये, जेथे १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली, घरांच्या मागे विहीर आणि परसदार असे, आणि मोरीचे पाणी पाटाने अळूच्या वाफ्यातून केळीच्या बुडाशी नेलेले असे. पाणी एकदा वापरून टाकून द्यायचे नसते, हे त्या रचनेतच गृहीत होते. कुंपणाला अडुळसा, कोपऱ्यात गवती चहा आणि कढीपत्ता, समोर तुळशीवृंदावन, अशी ती मांडणी असे. १८७२ पासून आयुर्वेदीय औषधे करणाऱ्या श्री धूतपापेश्वरच्या या गावात खोकल्याचा काढा परसातूनच येणे स्वाभाविक होते. सिडकोने भातखाचरांवर वसवलेल्या नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे या भागांत मात्र प्रश्न मातीपासूनच सुरू होतो. भरावाच्या जमिनीत वीतभर खणले की मुरूम, म्हणजे झिजलेल्या काळ्या खडकाचा भुगा आणि खडे, लागतात; त्यांत पाणी ठरत नाही आणि मुळांना खाण्याजोगे फार थोडे असते. खाडीलगतच्या जमिनीत याशिवाय खारेपणा असतो.

अशा ठिकाणी माती विकत आणण्यापेक्षा घरी तयार करावी, असा आग्रह धरणे योग्य आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून सामान्य माणसाला हेच पटवून दिले होते की, पान हे सूर्यप्रकाश साठवण्याचे साधन आहे आणि गळून पडलेले पान म्हणजे साठवलेला प्रकाश मातीला परत देण्याची संधी आहे. हे एकदा मनात रुजले, की आंब्याचा आणि बदामाचा पाचोळा जाळणाऱ्या हाताला आपण काय गमावतो ते दिसू लागते. कोरडा पाचोळा आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा यांचे थर एकावर एक रचले, मधूनमधून थोडे शेण किंवा जुनी माती टाकली आणि ढीग ओल्या पिळलेल्या फडक्याइतका दमट ठेवला, तर तो आठवड्याभरात आतून तापतो आणि तीन-चार महिन्यांत काळे, पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाचे खत हाती येते. ओला भाग जास्त झाला तर ढीग आंबून दुर्गंधी सुटते. तेव्हा त्यात कोरडी पाने मिसळणे एवढाच उपाय असतो. पावसाळ्यात ढिगावर झाकण हवे, नाहीतर वर्षभराचे सत्त्व चार दिवसांत गटारात वाहून जाते.

मृगाच्या सरी पडल्या की पडवळ, दोडका, कारले, काकडी आणि दुधी यांच्या बिया भरीच्या माथ्यावर टोकतात. कारल्यात ‘कोकण तारा’ हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वाण या हवेला मानवते. वेल मांडवावर चढेपर्यंतचे पंधरा दिवस फार जपावे लागतात, कारण या दिवसांत गोगलगायी रात्री बाहेर पडून कोवळे शेंडे सकाळपर्यंत फस्त करतात. कंदील घेऊन त्या वेचणे किंवा ओले गोणपाट पसरून सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करणे, हे किळसवाणे वाटणारे काम विषारी गोळ्या टाकण्यापेक्षा निश्चित चांगले, कारण त्या गोळ्या कुत्र्यामांजरांच्याही तोंडी लागू शकतात. पडवळाची फुले संध्याकाळनंतर उमलतात. पांढऱ्या झालरीसारख्या त्यांच्या कडा अंधारात दिसाव्यात म्हणून मांडव घराच्या खिडकीजवळ घालावा.

श्रावणात तण आणि पूजासाहित्य यांतील सीमारेषा पुसली जाते. एरवी खुरपून काढला जाणारा आघाडा आणि वाफ्यात घुसणाऱ्या दूर्वा जिवतीच्या माळेसाठी हव्या असतात, भाद्रपदात गणपतीची पत्री लागते, आणि शेजारच्या स्त्रिया सकाळीच फाटकाशी येऊन विचारतात. म्हणून खुरपणी करताना कुंपणाचा एक कोपरा मुद्दाम न खुरपता ठेवण्याची पद्धत शहाणपणाची आहे. याच दिवसांत पारिजातकाखालची जमीन पहाटे पांढरी-केशरी होते, आणि ओल्या मातीवरची ती फुले उचलण्यासाठी वाकण्यात जो आनंद आहे तो बाजारातल्या पुडीत मिळत नाही.

हस्त सरल्यावर ऊन अचानक कडक होते आणि आळी बांधण्याचे काम येते. गुलाबाची छाटणी याच वेळी करतात. शेवंती, झेंडू, वांगी, टोमॅटो आणि मेथी यांची लागवडही आताच होते. कुंपणालगत वाल टोकले, तर थंडीत शेंगा धरतात. भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पिकवण्याची रायगडची जी रीत आहे, तिचेच हे घरगुती रूप, आणि त्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उलटे ठेवून भाजलेली पोपटी ही हिवाळ्याची खरी कमाई होय. थंडी संपता संपता मोगऱ्याचे पाणी काही दिवस तोडून फांद्या छाटतात, पाने काढतात आणि मग खत-पाणी देतात. हा ताण मिळालेला मोगरा चैत्र-वैशाखात भरभरून फुलतो. त्याच सुमारास जास्वंदीवर शिंजीर हा इवला चोचाळ पक्षी मध पिण्यासाठी येऊ लागतो, आणि त्याच जास्वंदीच्या कळ्यांवर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखे पांढरे रस शोषणारे कीटकही दिसू लागतात. साबणाच्या सौम्य पाण्याने फांद्या धुणे आणि फार माखलेल्या फांद्या कापून बाहेर नेणे एवढ्यावर बहुधा भागते.

उन्हाळ्यात गाढी नदीवरील देहरंग धरणाची पातळी खाली जाते आणि पाणी नळाला मोजून येते. तेव्हा बांधलेल्या आळ्यांची परीक्षा होते. आळ्यात चार बोटे पाचोळ्याचे आच्छादन घातले, तांदूळ-डाळ धुतलेले पाणी संध्याकाळी त्यातच ओतले आणि मोठ्या झाडाशेजारी तळाला बारीक छिद्र असलेले मडके पुरून ते भरून ठेवले, तर निम्म्याहून कमी पाण्यात बाग तगते. अशा महिन्यांत हिरवळीचा गालिचा राखण्याचा हट्ट धरणे हा पनवेलच्या पाण्यावर अन्याय आहे.

वेलीवर मुद्दाम ठेवलेले दोडके वाळून खुळखुळू लागले, की त्यांतले बी काढून चुलीच्या किंवा गोवऱ्यांच्या कोरड्या राखेत मिसळून डब्यात ठेवावे. राखेमुळे ओल आणि कीड दोन्ही दूर राहतात. एका दोडक्यात एका घराला पुरून उरेल इतके बी असते, म्हणून रोहिणीत आळी मोडायला सुरुवात करण्यापूर्वी त्यातले मूठभर बी शेजारच्या घरी अवश्य द्यावे.