बर्फाखालचा वैरी

झाडाचा शत्रु म्हटला म्हणजे गुरें, वानरें, वादळ किंवा कुऱ्हाड आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. हे सारे शत्रु उघडपणें येतात, आणि त्यांच्यावर लक्षहि ठेवतां येतें. परंतु जेथें हिवाळ्यांत भूमि बर्फाखालीं दडून असते, तेथें कोंवळ्या झाडाचा वैरी त्या बर्फाच्या आड राहूनच आपलें काम उरकतो. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत चिरंजीवाच्या बिऱ्हाडीं राहावयास गेल्यावर मला ही गोष्ट उमगली. तेथें घरामागें सफरचंदाचीं तीन रोपें आहेत. नातवाच्या जन्माच्या वर्षीं लावलेलीं.

या वैऱ्याचें नांव व्होल. हा उंदरांच्याच गोतांतला. शेपूट आंखूड, कान केसांत बुडालेले, अंग गुबगुबीत. थंडींत तो निजून राहत नाहीं. जमीन व बर्फ यांच्यामध्यें गवतांतून वाटा पाडून तो खुशाल हिंडतो. घुबडाची नजर तेथें पोंचत नाहीं, बर्फाचा थर पांघरुणासारखी ऊब राखतो, आणि हिरवा चारा संपला कीं रोपाची कोंवळी साल त्याच्या तोंडाशींच असते.

साल थोडी कुरतडली गेली, तर झाड ती जखम भरून काढतें. बुंध्याभोंवतीं सालीचें पुरें कडें गेलें, तर मात्र तें बहुधा हातचें जातें. मुळें झाडाला पोसतात, एवढेंच आपण एरवीं म्हणतों. मुळें पाणी चढवितात तें आंतल्या लांकडांतून, हें खरें. पण पानांनीं उन्हांत सिद्ध केलेलें अन्न मुळांकडे उतरतें तें सालीच्या आंतल्या नाजूक थरांतून. तो थर तुटला कीं मुळें उपाशीं पडतात. म्हणून असें झाड वसंतांत पालवतें, कधीं फुलतेंहि, आणि मग उन्हाळ्यांत डोळ्यांदेखत सुकूं लागतें. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांचें झाड मीं असें फुललेलें पाहिलें. त्यांनीं कौतुकानें फुलें दाखविलीं. मी वांकून बुंधा पाहिला, आणि मला बोलवेना.

उपाय सोपा आहे, पण तो बर्फ पडण्यापूर्वींच करावा लागतो. पाव इंच भोकांच्या जस्ती जाळीचें नळकांडें करून तें बुंध्याभोंवतीं बसवावें. जाळी सालीला टेकूं नये. खोडाला वाढावयास जागा हवी. खालची कड दोन-तीन इंच मातींत पुरावी, वरची कड बर्फाच्या नेहमींच्या थराहून उंच असावी. भोंवतालचें दोन-तीन फूट गवत काढावें, पाल्याचें आच्छादन बुंध्यापासून दूर सारावें, आणि गळलेलीं फळें वेंचावीं. बर्फ पडल्यावर बुंध्याजवळचें बर्फ पायांनीं तुडवून घट्ट करावें. विषहि बाजारांत मिळतें. पण ज्या अंगणांत मूल खेळतें तेथें तें नको, हें सूनबाईंचें म्हणणें मला पटलें. शिवाय विष खाल्लेला प्राणी घुबडाच्या पोटांत गेला, तर आपला रखवालदारच मरावयाचा.

कडें गेलेंच, तर वसंताच्या आरंभीं त्याच झाडाच्या काड्या जखमेच्या खालच्या व वरच्या सालींत खोंचून पूल बांधतात. हें सेतुकलम कधीं साधतें, कधीं साधत नाहीं. आमच्या कोंकणांत नारळीच्या खोडाला पत्रा मारतात तो फळें राखण्यासाठीं. ही जाळी झाडाचा जीवच राखते.

आमच्यासारखीं वयस्क माणसें स्वतःला घराचीं मुळें म्हणवून घेतात. पण दूर देशीं कमावणाऱ्या पानांकडून मुळांनाहि कांहीं यावें लागतें. पैसा नव्हे, तर चार शब्द, नातवाचें एखादें वेडेंवांकडें पत्र. ही देवघेव ज्या पातळ सालींतून चालते, ती कुरतडली जात असतांना वरच्या फांद्या हिरव्याच दिसतात. म्हणून बहर आलेला पाहून निर्धास्त होऊं नये. थंडी पडण्यापूर्वीं एकदां बुंध्याशीं वांकून पाहावें.