आजोबांच्या आजोबांचं नाव काय?

एक सोपा वाटणारा प्रश्न. तुमच्या आजोबांच्या आजोबांचं नाव काय? वडिलांचं नाव तर आपण रोज वहीवर लिहितो. आजोबांचंही पाठ असतं. पणजोबांपाशी गाडी अडखळते आणि त्याच्या मागचं विचारलं, तर घरातली मोठी माणसंसुद्धा एकमेकांकडे बघू लागतात!

अशा वेळी नाशिकची वाट धरावी. रविवार कारंज्यावरून भांडी बाजारातली तांब्या-पितळेची दुकानं बघत उतरत गेलं, की गोदावरीचा घाट लागतो. पलीकडे पंचवटी आणि रामकुंड. जवळच उभा आहे दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात त्याच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात.

याच परिसरात तीर्थोपाध्यायांची घरं आहेत. त्यांच्याकडे गेलात, की पहिला प्रश्न येतो, "मूळ गाव कुठलं? आडनाव काय?" तुम्ही मुंबईत राहता की पुण्यात, याला इथे महत्त्व नाही. कारण इथली कामं गावांप्रमाणे आणि आडनावांप्रमाणे वाटलेली. अमक्या गावचे यात्रेकरू अमक्या घराण्याकडे, असं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. तुमचं घराणं कोणाकडे, ते घाटावर विचारत गेलं की कळतं. मग कापडात बांधलेल्या जुन्या वह्या बाहेर निघतात. त्यांना म्हणतात नामावळी.

पूर्वी कोणी यात्रेला आलं, की उपाध्याय त्याचं नाव, गाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे यांची नावं लिहून घेत. खाली येणाऱ्याची सही. पुढे त्याचा मुलगा आला, नातू आला, की नोंद वाढत जाई. नशीब असेल, तर तुमच्या खापरपणजोबांचं स्वतःच्या हातचं अक्षर समोर येतं! त्यांचा फोटो नसेल, पण बोरू टेकवला होता तो हा कागद.

आता खरी गंमत. ते अक्षर तुम्हाला वाचताच येणार नाही, कारण जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असतात. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, भराभर लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचीही भानगड नाही. (शुद्धलेखनात मार्क जाणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नका!) सालही शके म्हणून दिलेलं असतं. त्यात ७८ मिळवले, की इसवी सन मिळतं. शके १८१२ म्हणजे १८९०. नोंद जानेवारी ते मार्चमधली असेल, तर साधारणपणे ७९ मिळवायचे.

मोडी वाचणारे आता थोडेच उरले आहेत. २०२३ साली राज्यात जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा मोडीच्या जाणकारांना एकदम मागणी आली. कागदाला वाळवी, ओल, पूर यांची भीती आहेच. पण कागद टिकला आणि वाचणाराच उरला नाही, तरी नाव हरवलंच की!

मात्र या वह्यांत सगळ्यांची नावं नाहीत. यात्रेला यायला पैसा लागे आणि मुभाही लागे. रामकुंडापासून थोडं चाललं, की काळाराम मंदिर लागतं. तिथे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. ज्यांना देवळाचं दारच बंद होतं, त्यांच्या घराण्यांचा माग दुसरीकडे काढावा लागतो. गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही, घरची जमीन असेल तर सातबाऱ्यामागच्या फेरफार नोंदी.

आणि घरातल्या बायका? जुन्या वंशावळींत मुलींची नावं फारशी सापडत नाहीत. त्यातून लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. म्हणजे तुमच्या पणजीला नावं दोन, पण वंशावळीत कदाचित एकही नाही! हे आता बदलतंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची सरकारी कागदपत्रांवर नावं लिहिताना आधी मुलाचं किंवा मुलीचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा नियम महाराष्ट्रात झाला आहे.

जुन्या बायकांची नावं मात्र आजच्या आज्यांच्या आठवणीतच आहेत. तेव्हा या सुट्टीत एक काम करा. एक कोरी वही घ्या आणि आजीजवळ बसा. तिचं माहेरचं नाव विचारा. तिच्या आईचं, तिच्या आजीचं, तिच्या गावाचं विचारा. कोण कुठून कुठे गेलं, का गेलं, तेही लिहा. घाई करू नका, एका नावामागून दहा गोष्टी निघतील. वर तारीख घाला आणि खाली आजीची सही घ्या. सही येत नसेल, तर अंगठा.

मग जा नाशिकला, वडीलधाऱ्यांना घेऊन. उपाध्यायांनी नवी नावं सांगा म्हटलं, की तुमचं सांगा. आणि सोबत आईचं आणि ताईचंही लिहून घ्यायला सांगा!