आतली चुणी

पहिली कथा परत आली तेव्हा मला सगळ्यात जास्त लागलं ते पाकीट. त्यावरचा पत्ता माझ्याच हस्ताक्षरात होता.

त्या काळी दिवाळी अंकाला कथा पाठवायची, तर स्वतःचं नाव-पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं दुसरं पाकीट घडी घालून आत ठेवावं लागे. जपून काढलेली अक्षरं, डिंकाने नीट चिकटवलेली तिकिटं. तेच पाकीट दोन-तीन महिन्यांनी पोस्टमन पायरीवर ठेवून जाई. आत आपली कथा आणि वर टाचणीने अडकवलेली बोटभर छापील चिठ्ठी, 'साभार परत'. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, तालुक्याच्या गावी कारकुनी करत होतो. ते पाकीट घरात कुणाला दिसू नये म्हणून मी दुपारच्या सुट्टीत सायकल मारत घरी यायचो.

1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळीपाशी संपतं आणि तिथूनच पुन्हा सुरू होतं. जूनमध्ये कथा पाठवायची, आणि दिवाळीच्या तोंडावर एसटी स्टँडवरच्या बुकस्टॉलपाशी उभं राहून अनुक्रमणिका चाळायची. नाव नसणार हे ठाऊक असतानाही बोट खालपर्यंत फिरवायचं. दहा-अकरा वर्षं मी हे केलं. छापून आल्या दोन कथा, त्याही जिल्ह्याच्या अंकात. त्यांच्याबद्दल कुणी बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही.

एका वर्षी चाळीस पानांची दीर्घकथा एका मासिकाला पाठवली. ती परतसुद्धा आली नाही. दुसरी प्रत मी ठेवलेली नव्हती. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. त्यानंतर हात उचलेनासा झाला. राग नव्हता, रुसवाही नव्हता. टेबलाशी बसलं की एकच वाक्य मनात येई : हे कुणाला हवंय? चार वर्षं मी एक ओळ लिहिली नाही.

त्यातल्या एका उन्हाळ्यात आई सोप्यात वाकळ शिवायला बसली होती. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. खाली काकूचं जुनं नऊवारी लुगडं अंथरलं होतं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन विटा ठेवून ताणलेलं. त्यावर ती वडिलांच्या धोतराचे तुकडे, माझा शाळेतला सदरा, उशीची विरलेली खोळ असं एकेक मांडत चालली होती. यावर आणखी एक लुगडं येणार, मग मोठ्या सुईचा धावदोरा कडेनं सुरू होणार आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर जाणार. म्हणजे आतले हे तुकडे पुढं कुणालाही, कधीही दिसणार नव्हते. तरी प्रत्येक तुकडा तळव्यानं दाबून, कडेला कड भिडवून ती बसवत होती. सदऱ्याच्या शिवणी उसवून सपाट केल्या होत्या. बटणपट्टी कापून बाजूला टाकली होती.

मी विचारलं, "आई, आतलं एवढं नीट कशाला लावतीस? कोण बघणार हाय?"

तिनं मान वर केली नाही. "बघायला कशाला कोण पाहिजे? आत चुणी राहिली की पहिल्या धुण्यात गोळा होतोय. मग रातभर पाठीला टोचतोय."

तिनं देवाधर्माचं काही सांगितलं असतं, 'आपल्या मनासारखं झालं पाहिजे' असं काही म्हटली असती, तर मी ते ऐकून विसरून गेलो असतो. तिनं कापडाचं सांगितलं. ती वाकळ कशी असली पाहिजे हे वाकळच ठरवत होती. आईचं काम फक्त ती काय मागते आहे ते हातानं ओळखण्याचं होतं. बघणारा कुणी असता तरी ती तेवढंच दाबून बसवणार होती, आणि नव्हता तरी तेवढंच. माझ्या कथांमध्ये अशा चुण्या किती राहिल्या असतील, हा प्रश्न मला त्या दुपारी पहिल्यांदा पडला. तोवर मी कथा पाठवून झाल्यावर त्यांचं काय होईल याचाच विचार करत आलो होतो. त्या आत कशा बसल्या आहेत हे कधी तळव्यानं चाचपून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आवरताना ती दोरा ओवलेली सुई शेवटच्या टाक्यापुढं वाकळीतच टोचून ठेवायची आणि तशीच गुंडाळी करायची. सकाळी सुई शोधायची, उजेडाला धरून दोरा ओवायचा म्हटलं की निम्मी हौस तिथंच जाते, असं तिचं म्हणणं. मी पुन्हा लिहायला लागलो तेव्हा तिची ही सवय तेवढी उचलली. फुलस्केप वहीत लिहितो. रात्री थांबायचं तर अर्ध्या वाक्यात थांबतो, पुढचा शब्द ठाऊक असताना. दुसऱ्या दिवशी 'आज सुचेल का' या भीतीशी झुंजावं लागत नाही, आधी ते वाक्य पुरं करायचं असतं. लिहिण्याची प्रेरणा कुठून आणायची असं तरुण मुलं विचारतात तेव्हा मला ही सुई आठवते. याहून मोठं उत्तर माझ्यापाशी नाही.

त्या नव्या दिवसांतली पहिली कथा एका पाटकऱ्याची होती. कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यातून इंग्रजांच्या काळातला कृष्णा कालवा निघतो, त्याच्या पाण्यावर आमच्याकडची शेतं. पाळीचं पाणी रात्री-अपरात्री येतं आणि माणसं विजेरी घेऊन दारं धरायला जातात. माझ्या कथेतला म्हातारा पाटकरी रात्री दार उचलतो आणि कोरड्या चारीत पाणी सुटतं, असा प्रसंग होता. मी लिहिलं होतं, 'पाणी खळाळत आलं.' वाचलं की ते वाक्य टोचायचं. का, ते कळायचं नाही. शेवटी ओळखीच्या एका पाटकऱ्याबरोबर तीन रात्री चारीवर जाऊन बसलो.

पाणी खळाळत येत नाही. आधी येतो पाचोळ्याचा आवाज. वरच्या अंगाला कुणीतरी अनवाणी, सावकाश चालत येतंय असं वाटतं. चारीत महिनाभर साठलेली वाळकी पानं, काटक्या, बाभळीच्या शेंगा हे सगळं पाण्याचं तोंड पुढं ढकलत आणतं. त्याच्याही पुढं किडे, वाळवी, एखादा उंदीर चारीतून वर पळत सुटतात. मग भिजलेल्या मातीचा वास येतो. पाणी दिसतं सगळ्यांत शेवटी. विजेरीच्या उजेडात त्याचं तोंड मातकट फेसाचं, वितभर उंचीचं, आणि ते थबकत थबकत येतं, कारण तापलेली जमीन त्याला आधी पिऊन घेत असते. पाटकरी माझ्या शेजारी उकिडवा बसून बिडी ओढत होता. पाचोळा वाजला तसा एकच शब्द बोलला, "आलं."

घरी येऊन मी ते एक वाक्य खोडलं आणि त्या जागी चार वाक्यं लिहिली. पहाटेचे साडेतीन वाजले होते. उठून पाणी प्यायलो आणि ती चार वाक्यं पुन्हा वाचली. कुठं टोचेना. त्या पहाटे जे झालं त्याला मी आनंदच म्हणेन, दुसरा शब्द मला सापडत नाही. ही कथा पुढं तीन ठिकाणांहून परत आली. तीन वेळा दुखलं. पण साडेतीन वाजताचं ते सुख त्या तीन पाकिटांपैकी एकालाही परत नेता आलं नाही.

अशा बोलण्यात बहिणाबाई चौधरींचं उदाहरण हमखास निघतं आणि ते ज्या पद्धतीनं दिलं जातं ती मला पटत नाही. जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई घरात-शेतात राबताना गाणी रचत राहिल्या. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. घरात उतरवून घेतलेली त्यांची गाणी त्यानं आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. हे सांगून लोक म्हणतात, बघा, अस्सल असेल ते कधी ना कधी वर येतंच. मला हे ऐकताना वाईट वाटतं. ज्यांच्या पोटी कवी जन्मला नाही त्या बायकांचं काय झालं? आणि खुद्द बहिणाबाईंची जी गाणी कुणी उतरवली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. मेल्यानंतरच्या कीर्तीवर जिवंत माणसाला रोजचं काम रेटता येत नाही. बहिणाबाईंनीही त्यावर रेटलं नव्हतं, त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, पायलीभर ज्वारी दळता दळता म्हटलेल्या. समोर ऐकणारं कोण? फार तर जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली जाऊ. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले, ते चांगलंच झालं. पण दळण थांबलं तशा ओव्याही थांबल्या. माझ्या आत्याला बसल्या जागी एक ओवी सांगता येत नसे. आठवतच नाही म्हणायची. एकदा मी हट्टानं अडगळीतलं जातं काढून झटकून मांडलं. तिनं एक पाय लांब केला, खुंट्याला हात घातला, रिकामंच जातं दोन-तीन वेळा फिरवलं, आणि तिचा आवाज आपसूक वर चढला. बारा-तेरा ओव्या झाल्या तेव्हा कुठं ती थांबली. डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "कुठं दडून बसल्या होत्या गं बाई."

त्या ओव्या तिच्या हातात होत्या. ऐकणारा मिळाला म्हणून आल्या नाहीत, खुंटा मिळाला म्हणून आल्या. मी त्या दिवशी मनाशी इतकंच धरलं की आपला खुंटा सुटू द्यायचा नाही, दाणे असोत नसोत.

तरीही ऐकणारा हवासा वाटतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. मैफलीत बसलेल्या एका जाणत्याची मान हलते तेव्हा गाणाऱ्याचा पुढचा सूर बदलतो. लिहिणाऱ्यालाही तशी एक मान लागते. 'मी फक्त स्वतःसाठी लिहितो' असं म्हणणारे मला नेहमी थोडे दुखावलेले वाटतात. अरुण कोलटकरांचं मला नवल वाटतं ते याच बाबतीत. 1977 साली 'अरुण कोलटकरच्या कविता' आलं, आणि पुढचे मराठी संग्रह निघेपर्यंत पंचवीसहून अधिक वर्षं गेली. ते दुर्लक्षित नव्हते, नाव केव्हाच झालं होतं. मधली वर्षं ते लिहीत होते, वह्या भरत होत्या. पण त्यांच्याभोवतीही अशोक शहाण्यांसारखे मित्र होते, जे वाट पाहत होते आणि ज्यांनी ती पुस्तकं अखेर काढली. एवढ्या मोठ्या शांततेतही कुणीतरी कान देऊन बसलेलं होतं.

मला असं कुणी लवकर भेटलं नाही. म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक गोष्ट सुरू केली. दिवाळी अंकात अनोळखी नावाची एखादी कथा आवडली की पोस्टकार्ड टाकायचं. पन्नास पैशांचं कार्ड. 'कथा छान आहे' एवढंच लिहायचं नाही, कुठली ओळ कुठं लागली ते लिहायचं. 'विहिरीचं पाणी उपसताना तुमची नायिका पोहरा काठाला आपटू देत नाही, ते वाचून मी थांबलो,' असं. बहुतेकांची उत्तरं येत नाहीत. नांदेडकडच्या एका शिक्षिकेचं मात्र आलं. तिनं लिहिलं होतं की ती पोहऱ्याची ओळ तिनं सहा वेळा बदलली होती, आणि ती कुणाच्या लक्षात येईल असं तिला वाटलं नव्हतं. ते पत्र वाचून मी इतका आनंदलो, की माझी एखादी कथा छापून आली असती तरी बहुधा एवढाच आनंदलो असतो. त्या दिवशी कुणाचं तरी आतलं कापड माझ्या तळव्याला लागलं होतं.

आता पाकिटं संपली. कथा मेलनं जातात आणि नकारसुद्धा येत नाही, नुसतं काही घडत नाही. या शांततेची सवय झाली आहे असं मी म्हणणार नाही. दिवाळीच्या तोंडावर अजून स्टँडवर जातो, अजून अनुक्रमणिकेवरून बोट फिरतं.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिची ती वाकळ मी अजून पांघरतो. वरचं लुगडं दोन ठिकाणी विरलंय आणि त्यातून माझ्या सदऱ्याचा निळा तुकडा दिसायला लागलाय, सपाट, कडेला कड लावलेला.

गेल्या आठवड्यात पाटकऱ्याची ती कथा पुन्हा काढली. एवढ्या वर्षांनी त्यातली ती चार वाक्यं अजून टिकली आहेत, पण त्यांच्या पुढचं पाचवं टोचतं. पाणी चारीतून मुरमाड रानात शिरतं तिथं मी त्याचा आवाज काळ्या रानातल्यासारखाच लिहिला आहे. मुरमात तो तसा नसणार. मुरूम पाणी वेगळं पितो, त्याचा बारीक फुसफुस असा काहीतरी आवाज असावा, पण अंदाजानं लिहायला मन धजत नाही. उद्या रात्री वरच्या शिवाराला पाळी आहे. विजेरी चार्जिंगला लावून ठेवली आहे, आणि वही त्या अर्ध्या वाक्यापाशी उघडी आहे.