न दिसणारी राखण

इंदापूर तालुक्यात आमच्या उसाच्या बांधावर रात्री एक बारीक, सलग किर्र चालू असते. जमिनीवरचा काळा रातकिडा वेगळा. हा झुडपावरचा, फिकट हिरवा, काचेसारख्या पंखांचा. गातो फक्त नर. मादी गप्प राहून काडीला भोक पाडते आणि आत अंडी लपवते.

तरी ती सापडतात. स्केलिओनिडी कुळातल्या काही इवल्या गांधीलमाश्या काडीतल्या त्या अंड्यातच आपलं अंडं घालतात. मग त्या अंड्यातून रातकिडा नाही, माशी बाहेर पडते.

हे वाचलं तेव्हा मला ट्रायकोकार्ड आठवलं. बारामती-इंदापूरच्या ऊसवाल्यांना ते ठाऊक आहे. कार्डावर तांदळावरच्या पतंगाची साधारण २०,००० अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा वाढत असते. ही माशी अर्ध्या मिलिमीटरची. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाखाली टाचायच्या. बाहेर पडलेल्या माश्या खोडकिड्याच्या पतंगाची अंडी शोधतात. अळी जन्मलीच नाही, तर कोंब पोखरायला कुणी उरत नाही, पोंगा वाळत नाही.

आप्पांना हे पटेना. "माशी दिसंना, आन् तिच्या भरवशावर ऊस सोडायचा?" त्यांचा मुद्दा साधा होता. फवारणी केली की मेलेला किडा दिसतो. इथे यश म्हणजे काहीच न घडणं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. जो बिघाड झालाच नाही, त्याचं श्रेय तिथेही कुणाला मिळत नाही. पण ऑफिसात माझा पगार ठरलेला असतो, आप्पांचा वर्षभराचा पैसा त्या कोंबांत होता. शेवटी निम्म्या रानात कार्ड लावायचं आणि तिथे फवारा न्यायचा नाही, असं ठरलं. औषधाने किड्याआधी माशीच मरते.

कार्डाला किंमत असते, म्हणून ते लावल्यावर आपण फवारा आवरतो. काडीत रातकिड्याची अंडी शोधणारी माशी मात्र कुणी विकत आणलेली नाही. तिचं कार्ड नाही, बिल नाही. बांधावरचं झुडूप जाळलं किंवा औषधाचा फवारा तिकडे वळला, तर ती गेल्याचं कुणाला कळणारही नाही. म्हणून यंदा बांध पेटवायचा नाही, एवढं मी आप्पांकडून कबूल करून घेतलंय.